एकच ॲम्प्लिफायर

माजलगावजवळच्या मळ्यात बद्रीनाथ एकटाच राही. रानडुकरांची चाहूल लागावी म्हणून त्यानं घराभोवती कंप टिपणाऱ्या चकत्या पुरायला घेतल्या होत्या. चकत्या चार, त्यांचा कंप पडद्यावर मोठा करून दाखवणारा ॲम्प्लिफायर मात्र एकच. म्हणून वायर एकेकीला जोडून बघावं लागे.

भरदुपारी त्यानं ओट्याची चकती जोडली, तर पडद्यावर पाऊल वाजल्यासारखी रेघ उसळली. ओटा रिकामा होता. वायर गोठ्याच्या चकतीला लावली, पाऊल गोठ्यात. उंबऱ्याच्या चकतीला लावली, पाऊल उंबऱ्यात.

"कोन हाय?" कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

चौथी चकती पुरायची राहिली होती. ती तळहातावर ठेवून त्यानं वायर जोडली.

चकतीवर कुणीतरी अलगद बोट टेकवलं.

बद्रीनाथनं हात मागं घेतला नाही. "बस की," तो म्हणाला.

समोरची रिकामी बाज करकरली.