जाळीवरची फडकी

"मागच्या महिन्यात तुम्ही एसीच्या हवेचे सगळे डक्ट साफ केलेत, तरी वास आहेच," लेक दारातूनच म्हणाली.

एसीवाल्याने शिडी भिंतीला टेकवली आणि एक लांब श्वास घेतला. त्याच्या धंद्यात पान्याआधी नाक लागतं.

"सिगारेट," तो म्हणाला. "आणि शिळी वाटत नाही."

"बाबांची. जाऊन अर्धं वर्ष होत आलं, पण वास घर सोडायला तयार नाही. हट्टी होतेच ते."

आई सोफ्याच्या कडेला बसून पेपरमिंट चघळत होती. ही तिची जुनी सवय. लहानपणी लेकीला आईने जवळ घेतलं की पेपरमिंटचाच वास यायचा. आताही तिने गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

लेकीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. छाती नाजूक. धुराचा वास असलेल्या घरात न्यायचं नाही, त्या वासाच्या कपड्यांनीही जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे आजीने नातीला पाहिलं होतं ते दवाखान्याच्या काचेतून आणि फोनवर. तिला एकदा मांडीवर घ्यावं म्हणून आजीचा जीव नुसता तुटत होता.

एसीवाल्याने खोल्या पाहिल्या. घरभर एकच यंत्र होतं. उन्हाळ्यात गार हवा, थंडीत गरम. प्रत्येक खोलीत छताजवळ हवा ओढणारी एक जाळी.

"लोकांना वाटतं, ही जाळी खोलीतली हवा बाहेर टाकते," तो म्हणाला. "तसं नाही. तीच हवा फिरून पुन्हा सगळ्या खोल्यांत येते. एका खोलीत कांदा कापा, डोळ्यांना पाणी दुसऱ्या खोलीत येईल."

"बाहेर जात नाही?" आईने विचारलं.

"नाही काकू."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

आई उठली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

शेवटी आली बाबांची अभ्यासिका. पुस्तकं, टेबल, कापड विटलेली खुर्ची. दार कायम बंद. "इथे कोणी बसत नाही ना? मग इथली जाळी बंदच करतो," म्हणत एसीवाल्याने जाळीमागे पत्रा बसवला आणि स्क्रू आवळले. मग पिशवीतून त्याने पांढरी फडकी काढली. ही त्याची रीत. प्रत्येक जाळीवर एक फडकं ताणून लावायचं आणि आठवड्याने येऊन बघायचं. ज्या खोलीत वासाचं मूळ, तिथलं फडकं पिवळं पडतं.

"इथेही लावा," लेक अभ्यासिकेच्या दारात उभी राहून म्हणाली. "मूळ इथेच आहे."

पत्र्यावर फडकं लावून काय कळणार? पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हीही त्याची रीतच. त्याने लावलं.

"फडक्यांना हात लावू नका," चहा पिताना त्याने सांगितलं. आईने मान डोलावली.

आठवड्याने तो आला तेव्हा लेक त्याच्या आधी येऊन बसली होती. दिवाणखान्यातलं फडकं जरासं धुरकट. स्वयंपाकघरातलं तेलकट. आईच्या खोलीतलं आज घडी मोडल्यासारखं पांढरं. आणि अभ्यासिकेतलं पार पिवळं, मधोमध तपकिरी.

"बघा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "म्हणत नव्हते मी?"

एसीवाल्याने फडकं उतरवलं. मागे त्याचा पत्रा होता तसाच, स्क्रूही जागच्या जागी; इथून हवा ओढली गेलीच नव्हती. तो फडक्याकडे बघत राहिला, मग त्याने आईकडे पाहिलं. आईने नजर खिडकीकडे वळवली. घराघरांतल्या जाळ्या उघडणाऱ्या माणसाला तोंड बंद ठेवायची सवय लागते. त्याने फडक्याची घडी केली.

"ही खोलीच रिकामी करायची," लेक म्हणाली. "पुस्तकं, टेबल, सगळं. आजच टेम्पो बोलावते."

"ताई, त्याने वास जाईल असं मी सांगणार नाही."

"मग कशाने जाईल?"

"ते माझ्या हातात नाही."

लेकीने खुर्ची ओढायला घेतली. अर्ध्या वाटेत तिने ती सोडून दिली.

"किती बोलले मी त्यांना. कळायला लागल्यापासून बोलत आले. सत्तरीत तीन जिने धाप न लागता चढायचे, म्हणून गुर्मी. नुसते हसायचे. 'सोडतो गं, सोडतो.' दवाखान्यात शेवटच्या दिवशी पोटातल्या बाळाची शपथ घातली. तेव्हासुद्धा तुझ्याकडे बघून हसले. मला इतका राग आला, आई, की निघताना मी त्यांचा हातसुद्धा हातात घेतला नाही."

आई पुढे आली. तिने खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि परत जागेवर नेऊन ठेवली.

"राहू दे इथेच."

"अगं, पण बाळ?"

आई आपल्या खोलीत गेली. उशीखालून, कपाटातून, औषधांच्या डब्यातून काय काय गोळा केलं आणि ओंजळीत घेऊन आली. एसीवाल्याच्या कचऱ्याच्या पिशवीत तिने ते सगळं सोडलं. सिगारेटची पाकिटं पडली आणि शेवटी पितळी लायटर.

लेकीने वाकून लायटर तेवढा उचलला. "हा तरी ठेवू दे. कसे का असेनात, बाबांची आठवण आहे."

"टाक तो," आई म्हणाली. "ह्यांनी आयुष्यात एकही ओढली नाही."