कोरी जागा

सुताराचा पारा सकाळपासून चढलेला होता. कपाटाच्या दारांवर वेल कोरायची होती आणि कोरणारं मशीन प्रत्येक फळीवर हाताच्या पंज्याएवढी जागा कोरी सोडत होतं. चक्क पाच बोटं, त्यात करंगळी जरा आखूड.

"तुझ्या चित्रातच घोळ आहे," तो कॉम्प्युटरवर बसलेल्या बहिणीवर खेकसला.

"दादा, चित्रात वेल सलग आहे. उगाच माझ्यावर डाफरू नकोस."

वाया गेलेल्या तिन्ही फळ्या त्याने रागारागाने भिंतीला टेकवल्या. तेव्हा दिसलं, की पंजा दर फळीवर थोडा सरकला होता, तो स्वतः उभा राहायचा त्या बाजूला. तिसऱ्या फळीवर बोटं अगदी कडेला येऊन टेकली होती.

"गेलं खड्ड्यात," म्हणत त्याने चौथी फळी आवळून बसवली आणि बटण दाबलं. कान किटेपर्यंत पातं फिरलं, भुसा उडाला आणि वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उतरली.

"बघ, दम दिल्याशिवाय कुणी सरळ चालत नाही."

बहीण फळीकडे बघतच नव्हती. त्याने तिच्या नजरेच्या रोखाने मान वळवली. त्याचा स्वतःचा अख्खा शर्ट भुशाने माखला होता, खांद्यावरची तेवढी एक जागा सोडून. पाच बोटं, करंगळी जरा आखूड.