नाळेपासून

बापाच्या फायबरच्या होडीचा जुना रंग खरवडताना निळ्याखालून लाल अक्षरं डोकावली, तशी सुरेखा नवऱ्यावर खेकसली, "पत्रा ठेव बाजूला!" आणि ओला पॉलिशपेपर घेऊन स्वतःच हलक्या हातानं घासू लागली.

"खा-रे-सु?" हरेश खो खो हसला. "हे कसलं गो नाव?"

होडीचं नाव नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडूनच सुरू झालं पाहिजे, हा बापाचा हट्ट. डाव्या अंगाला 'सुरेखा' सरळ उमटलं. उजव्या अंगाला नाळ उजवीकडे येते, म्हणून तिथं अक्षरं उलटी लागली. कुणी हसलं की तो डाफरायचा, "होडी काय मागं चालते?" पण शाळेत पोरं 'खारेसु' म्हणून चिडवायला लागली, तेव्हा लेकीनं घर डोक्यावर घेतलं. त्यानं मुकाट्यानं त्या अंगाला निळा रंग फासला. मरेपर्यंत तिथं दुसरं नाव घातलं नाही.

"आता तरी सरळ लिहूया," लाल रंगाचा डबा उघडत हरेश म्हणाला.

सुरेखानं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. उजवीकडे नाळेपाशी जाऊन तिनं पहिलं अक्षर काढलं, 'सु'.

"होडी काय मागं चालते?"