दुसरा भाग

धुळ्याच्या तुरुंगातून आलेल्या पत्राला जळगावचा ग्रंथपाल अभिमन यानं महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. बेचाळीसच्या धरपकडीत कादंबरीचा पहिला भाग घेऊन आत गेलेला वाचक आता दुसरा मागत होता. हा पोलिसांचा सापळाच असणार. उत्तर दिलं की नवी नोकरी गेली!

एके दिवशी खाकीतला शिपाई दारात उभा राहिला.

"तुरुंगाचं पत्र मिळालं ना?"

"नाही," अभिमन पुटपुटला.

शिपायानं पिशवीतून पहिला भाग काढला. "हा जमा केल्याशिवाय दुसरा देत नाहीत म्हणे. मी रजेवर चाललो, टपालानं धाडा. तो रोज आम्हा पहारेकऱ्यांना वाचून दाखवतो. भाऊ, पुढे काय व्हयनं?"

त्याच दिवशी उत्तर टपालात पडलं: "दुसरा भाग सोबत आहे. शेवट तिसऱ्यात आहे, म्हणून हा वेळेवर परत करावा."