अप्पांची टाकी

मृदुलाने काचेच्या टाकीत शेवटचा दगड बसवला आणि ओले हात ओढणीला पुसले. आफ्रिकेतल्या तळ्यांमधले हे सिक्लिड मासे, कपारींत राहणारे. मोठा पिवळा नर मागे लागला की छोट्या निळ्या माशाला चटकन लपता यावं, म्हणून तिने सगळी टाकी नव्याने रचली होती. कारण निळ्याला चावा बसला की पलंगावर अप्पा कळवळायचे.

पक्षाघाताने तिच्या वडिलांचं सारं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत चिप बसवून ती निळ्या माशाशी जोडून दिल्यापासून त्याचं पोहणं त्यांना स्वतःच्या अंगात जाणवायचं. मनात आणलेले शब्द उशाजवळचा स्पीकर बोलायचा.

"आता बरं वाटतंय ना, अप्पा? त्या गुहेत कुणी येणार नाही."

"नाही येणार. पण इथेही मी पडूनच आहे गं. दगड काढ."

"अहो, तो पिवळा फाडून टाकेल तुम्हाला!"

"काढ, मृदू."

तिने डोळे पुसत सगळे दगड बाहेर काढले. पिवळा नर लगेच धावून आला. निळा मासा सुसाट सुटला, काचेवर आदळला, वळला, पुन्हा सुटला. पलंगावर अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मृदुलाचा हात जोडणी तोडण्याच्या बटणाकडे गेला.

"बंद करू नकोस," स्पीकर नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणाला. "मी पळतोय."