पहिल्या नंबरची कंपनी

मशीननं शालनचा अंगठा पुन्हा नाकारला.

मोबाइलच्या दुकानदारानं, जयदेवनं, मशीनची काच रुमालानं पुसली. मग शालनचा अंगठाही पुसला. “मावशी, जरा दाबून ठेवा. घाबरू नका.”

“मी कुठं घाबरतेय? तुझं मशीनच घाबरतंय मला बघून.”

दुकानात उभी असलेली दोन-चार माणसं हसली. पायल हसली नाही. ती आजीचा अंगठा बघत होती. कॅम्प चारच्या या वस्तीत जीन्सचे धागे कापण्यात आजीचा जन्म गेला होता. अंगठ्यावरच्या रेघा कधीच्या पुसल्या होत्या. तिथं नुसती गुळगुळीत, चकाकती कातडी होती.

मोबाइलचा नंबर अजून आजोबांच्या, धोंडिबांच्या नावावर होता आणि धोंडिबा आता नव्हते. आज संध्याकाळपर्यंत नाव बदललं नाही तर नंबर बंद होईल, असा कंपनीचा मेसेज आला होता. जीन्सच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आला की कारखानदार याच नंबरवर फोन करायचा. जी बाई आधी फोन उचलेल तिला गठ्ठा. नंबर गेला की काम शेजारच्या गल्लीत जाणार, हे शालनला पक्कं ठाऊक होतं.

नाव बदलतोच आहोत तर कंपनीही बदलू, असा हट्ट पायलचा होता. तिचं काम ऐरोलीच्या एका ऑफिसात होतं. देशातल्या मोठ्या मोबाइल कंपन्या सायबर चोरांपासून किती सुरक्षित आहेत, याची तुलना तिच्या टीमनं नुकतीच पुरी केली होती. कोणाची माहिती फुटली, कोण सिम देताना काय विचारतं, सगळं त्यात होतं. जी कंपनी पहिली आली, तिच्याच मशीनवर आजीचा अंगठा टेकवला होता. ग्राहकाची ओळख पटवण्याच्या रकान्यात पायलनं स्वतः तिला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

“डोळ्याच्या मशीनवर नाही होत का?” पायलनं विचारलं.

“होतं ना बेटा. कल्याणच्या मोठ्या ऑफिसात. तिथं आज सुट्टी आहे.” जयदेवनं बाहेर मान काढून हाक दिली, “ओ भूषणभाऊ! जरा इधर आओ.”

दुकानाशेजारच्या खोलीत राहणारा बुद्धभूषण महानगरपालिकेत कारकून होता. आत येता येताच त्यानं अंगठा वर केला. “जयभीम शालनआजी. बोल जयदेव, कुठं लावू?”

“हे काय?” पायल म्हणाली.

“अगं, या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माझ्या अंगठ्यावर बोलतात,” बुद्धभूषण म्हणाला. “कागदावर माझं नाव, फोन त्यांचा. आपला अंगठा एकदम मऊ आहे. पालिकेत झिजायला काम कुठंय?”

“दादा, उद्या एखाद्या नंबरवरून कोणी काही भानगड केली तर पोलिस तुमच्याकडे येतील.”

“येऊ दे. चहा पाजू.”

तो अंगठा टेकवणार, तेवढ्यात शालननं मशीनवर तळहात ठेवला. “नको रे बाबा. इतकी वर्षं मेल्या-जित्या नवऱ्याच्या नावावर चालवला. आता तुझ्या नावावर कशाला? माझा नंबर आहे, माझ्या नावाचा होऊ दे.”

जयदेवनं काउंटरखालून एक मोबाइल काढला. “मग आहे त्याच कंपनीत राहा, मावशी. तिथं अंगठा लागत नाही. आधारची झेरॉक्स आणि एक फोटो. दोन मिनिटांत तुमचं नाव.”

“ती शेवटची आहे,” पायल म्हणाली.

“काय शेवटची?”

“आमच्या तुलनेत. सगळ्यात खाली. आजी, तिथं तुझ्या कागदाची झेरॉक्स घेऊन कोणीही गेलं ना, तर तुझाच नंबर त्याला देतील. तू शालन आहेस की नाही, हे कोणी बघत पण नाही.”

“आणि तुझी पहिली?” शालननं विचारलं.

पायलनं आजीचा अंगठा हातात घेतला.

“तिनं बघितलं,” शालन म्हणाली. “मी शालन नाही, म्हणते ती.”

बुद्धभूषणनं अंगठा खिशात घातला. पायलनं अंगठ्याच्या मशीनकडे बघितलं, जयदेवच्या हातातल्या मोबाइलकडे, मग घड्याळाकडे. “घ्या फोटो,” ती जयदेवला म्हणाली.

शालन पदर सारखा करून भिंतीला टेकून उभी राहिली. जयदेवनं फोटो काढला. आधारची झेरॉक्स मोबाइलसमोर धरली, तिचाही फोटो काढला. थोड्याच वेळात आजीच्या फोनवर मेसेज आला. नंबर शालनच्या नावावर झाला होता. बुद्धभूषणनं टाळी वाजवली.

“झेरॉक्स परत द्या,” पायल म्हणाली.

“ती ठेवावी लागते, बेटा.”

त्यानं खण ओढला. खण झेरॉक्सनी गच्च भरला होता. बायका, म्हातारे, पोरं, काळ्या शाईत उमटलेले सगळ्यांचे चेहरे. वर शालनचा कागद ठेवून जयदेव खण लोटायला लागला. तो मिटेना. त्यानं तळव्यानं कागद दाबले, गुडघा लावला. शालनचा चेहरा मधोमध दुमडला आणि खण बसला.

तेवढ्यात शालनचा फोन वाजला. ती पायरी उतरून रस्त्यावर गेली, एका कानावर हात ठेवून ओरडली,

“हां शेठ, मीच बोलतेय! दुसरं कोण असणार?”