दोन वस्त्यांचं दूध

या माउली, जरा पुढं सरका. बहात्तरच्या दुष्काळातली एक गोष्ट सांगतो. पारनेरकडच्या एका गावात शहरातले डॉक्टर आले. दुधाच्या भुकटीनं अशक्त पोरं सुधारतात का, हे त्यांना तपासायचं होतं. म्हणून त्यांनी वरच्या वस्तीला भुकटीचे डबे दिले आणि खालच्या वस्तीतल्या पोरांची नुसती वजनं घेतली. वरच्या वस्तीतल्या दगडाबाईचा जीव जळाला. पंगतीत एकाला वाढायचं अन् दुसऱ्याला उपाशी बघत बसवायचं, हे पाप कोण करणार? तिच्या मागोमाग साऱ्या बायांनी निम्मं दूध रोज खाली पोचवलं.

उन्हाळ्यात पुन्हा वजनं झाली. “दोन्हीकडची पोरं सारखीच. म्हणजे दुधाचा काही उपयोग नाही,” डॉक्टर म्हणाले. “डबे जीपमध्ये भरा.”

दगडाबाई जीपसमोर उभी राहिली. “आवं, समद्यांनी वाटून घेतलं, म्हनून सारखी हायेत!”

“कुणाला द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? सगळा अभ्यास नासवलात!”

“मंग भुकेल्या लेकरासमोर जो एकटा पितो, त्याचंच वजन करा की!”

जीप डबे घेऊन गेली. तेव्हापासून दोन्ही वस्त्यांतली पोरं सारखीच उपाशी राहिली. माउली, घास उचलाल तेव्हा दगडाबाईला आठवा.